तोफांच्या लोखंडापासून वाटी-चमच्यापर्यंत



कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ आपल्यापैकी बहुतेकींच्या घरी आहे. किर्लोस्करांनी ते १९७० साली काढले. त्या सालाकडे जरा थांबून पाहा. १९६५ च्या युद्धात शास्त्रीजींनी देशाला एक वेळचे जेवण सोडायला सांगितले होते. ते युद्ध होऊन पाच वर्षे झाली होती. पुढच्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा युद्ध, आणि १९७२ ला दुष्काळ. साखर-रॉकेल रेशनवर. म्हणजे हे पुस्तक भरल्या घरात नव्हे, टंचाईत आले.

छापणाऱ्यांची गोष्टही युद्धाशी जोडलेली आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे बेळगावात आधी सायकलचे दुकान होते, मग ते लोखंडी नांगर करू लागले. तिथली जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडलजवळचे माळरान दिले. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात बाहेरून लोखंड येईना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले! आदिनाथ भगवंतांनी शिकवलेली असि, मसि, कृषी आपण पाठशाळेत घोकली आहे. इथे असीचीच कृषी झाली.

मसी आली १९२० मध्ये. शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. आधी ते कारखान्याचेच पत्रक होते, वाढत वाढत मोठे मासिक झाले. १९३० ला ‘स्त्री’, १९३४ ला ‘मनोहर’. दुसऱ्या महायुद्धात कागदावर सरकारी नियंत्रण आले, त्यातूनही ही मासिके टिकली. बायकांनी काय वाचावे हे पुरुषांनी ठरवायचे, असा तो काळ. ‘स्त्री’त बायका स्वतः लिहू लागल्या, हे मला नांगराइतकेच मोठे काम वाटते.

आणि कमलाबाई मूळच्या कुठल्या? त्याच कुंडलच्या. शिक्षण चौथीपर्यंत. पण त्यांनी जे केले ते आम्हा बी.कॉम. झालेल्यांनाही सुचले नव्हते. ‘अंदाजाने मीठ’ हा सासूबाईंचा हिशेब त्यांनी वाटी आणि चमच्यात बसवला. माप लिहिले की पदार्थ बिघडत नाही, आणि साखर रेशनची असताना बिघडलेला पदार्थ परवडतो कोणाला?

आमच्या वरणगावात चीनच्या युद्धानंतर, १९६४ साली, दारूगोळ्याचा सरकारी कारखाना झाला. गावोगावचे लोक क्वार्टरमध्ये राहायला आले. सासू गावी, सून इथे. विचारायचे कोणाला? अशा घरांत मी हे पुस्तक पिठाच्या डब्याशेजारी पाहिले आहे, वरण-फोडणीचे डाग पडलेले. पोथीसारखे जपून ठेवलेले क्वचितच.

आपल्या घरांत मात्र ते जसेच्या तसे चालत नाही. कांदा, लसूण, बटाटा पानोपानी. आमच्या सासूबाईंनी पुस्तक टाकून दिले नाही, पेन्सिल घेतली. बटाटा असेल तिथे समासात ‘कच्ची केळी’. ती तर रावेर-यावलची, दारची. लसणाच्या जागी हिंग. काही कृतींपुढे नुसते ‘चौमासात नको’. एका ठिकाणी बटाटा खोडून केळे लिहिले आहे, आणि खाली वेगळ्या पेन्सिलीने ‘केळे कोरडे, तेल अर्धा चमचा जास्त’. म्हणजे आधी करून पाहिले, मग लिहिले.

ही पेन्सिल आता पुसट होत चालली आहे. मी सगळे एका वहीत उतरवून घेते आहे, मापांसकट. तुमच्या घरच्या प्रतीत समासात काय लिहिले आहे ते एकदा उघडून पाहा, आणि मला जरूर कळवा. विशेषतः सुरणाच्या जागी कोणी काय घातले, ते मला हवे आहे.