अक्कूब : काट्यांआडची भाजी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

करडईची कोवळी भाजी आपण आवडीने खातो. तेच रोप मोठे झाले की काट्यांमुळे त्याला हात लावता येत नाही. याच करडईच्या कुळातल्या एका रानभाजीची हकीकत मला सांगायची आहे. अरबीत तिला अक्कूब म्हणतात, तुर्कीत केंगेर आणि इराणात कंगर. पॅलेस्टाइन, सीरियापासून इराणपर्यंतच्या डोंगरउतारांवर ती आपोआप उगवते.

थंडीतला पाऊस पडून गेला की तिचे कोंब वर येतात. माणसे सुऱ्या घेऊन डोंगरावर जातात आणि कोंब मातीलगत कापतात. खरे कष्ट त्यानंतरचे. घरी बसून एकेक काटा खुडायचा, तेव्हा कुठे भाजी चुलीवर चढते. कुणी ती मटणात घालतात, कुणी अंड्यांबरोबर परततात, कुणी दह्यात शिजवतात. तुर्कस्तानात तिच्या चिकाचा चघळायचा डिंक होतो, बिया भाजून कॉफीही करतात. उन्हाळ्यात वाळलेले झुडूप बुडाशी तुटते आणि वाऱ्यावर गडगडत बिया पसरवत जाते.

तूर्नफोर हा फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ १७०० ते १७०२ या काळात ऑटोमन मुलखात हिंडला. बरोबर गुंडेल्सहायमर हा जर्मन डॉक्टर होता. सोबत्याच्या नावावरून तूर्नफोरने या झाडाला ‘गुंडेलिया’ म्हटले. पुढे १७५३ मध्ये लिनियसने त्याला तूर्नफोरचेही नाव जोडले. अशी दोन प्रवाशांची नावे झाडाला कायमची चिकटली. पिढ्यान्‌पिढ्या काटे सोलून ते खाण्याजोगे करणाऱ्या बायकांची नोंद मात्र शास्त्राच्या वहीत नाही.

हा प्रश्न नुसत्या नावापुरता राहिला नाही. इस्रायलने १९७७ मध्ये झातर ही रानातली सुगंधी वनस्पती संरक्षित ठरवली होती. २००५ मध्ये अक्कूबचीही त्या यादीत भर पडली. विक्रीसाठी बेसुमार तोड होते, असे सरकारचे म्हणणे. अक्कूब तोडणाऱ्या अरबांना दंड झाले, खटले भरले गेले. त्यांचे उत्तर साधे होते : आम्ही मूळ उपटत नाही, कोंब कापतो, पुढच्या वर्षी तिथेच नवे फुटतात. पुढे घरगुती वापरापुरती थोडी तोड करण्यास सवलत मिळाली. जुमाना मन्ना या पॅलेस्टिनी दिग्दर्शिकेने २०२२ च्या ‘फॉरेजर्स’ या चित्रपटात हाच संघर्ष मांडला आहे.

सरकारची भीती अगदीच खोटी होती, असे मी म्हणणार नाही. सगळेच तुरे बाजारात गेले, तर बी धरायचे कशाला? पण रोज विक्रीसाठी पोती भरणारा आणि वर्षातून एकदा घरच्या हंडीपुरते तोडणारा, या दोघांना एकाच मापाने मोजणे मला न्यायाचे वाटत नाही. कुठला कोंब घ्यायचा आणि कुठला बियांसाठी ठेवायचा, हे ज्ञान रानात जाणाऱ्या हातांपाशी असते. ते हात रानापासून तोडले, तर झाड वाचेलही. पण ते भाजी उरणार नाही, नुसते काटे उरतील.