चिबडाचं बी आणि कॅलिफोर्नियाची भुरी



शिमगा जवळ आला की वडखळ, पेण, नागोठणे ते कोलाड, मुंबई-गोवा रस्त्याच्या कडेला कलिंगडांच्या राशी लागतात. भात कापून झालं की त्याच शेतात आळी करून आपण बी टोकतो. रोह्याकडे तर भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेलं मुळशीचं पाणी कुंडलिकेत येतं आणि कालव्यातून शेतापर्यंत पोचतं. उन्हाळ्यात चार पैसे हाती येतात ते या वेलीमुळे.

पावसाळ्यात मात्र आपल्या परसात आणि वरकस जमिनीवर दुसरी एक वेल असायची. चिबडाची. पिकून फुटलेल्या चिबडाचा वास घरभर सुटायचा, आणि गूळ व नारळाचं दूध घालून तो खाल्ला जायचा. परवा गटाच्या बैठकीत मी विचारलं, चिबडाचं बी कोणाकडे आहे? दोनच हात वर झाले, तेही सत्तरीच्या आजींचे. म्हणून आज या वेलींचा इतिहास सांगावासा वाटला.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. कलिंगड आणि चिबूड दिसायला भावंडं वाटली तरी कुळं वेगळी आहेत. चिबूड हा खरबुजाच्या कुळातला. कलिंगड आफ्रिकेतलं. त्याचे रानटी भाऊबंद आजही पांढऱ्या गराचे, कडू किंवा बेचव असतात. इजिप्तमध्ये तीन हजार वर्षांपूर्वीच्या तुतनखामेन राजाच्या थडग्यात कलिंगडाच्या बिया सापडल्या आहेत. कडू फळ टाकायचं आणि गोड फळाचं बी ठेवायचं, हे काम शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या केलं. त्यातून आजचं लाल, गोड फळ तयार झालं.

खरबुजाचं वेड तर राजांनाही होतं. बाबर हिंदुस्थानात आला तेव्हा त्याला इथे मनासारखं खरबूज मिळेना. काबूलहून आलेलं एक खरबूज कापताना आपल्याला रडू आलं, असं त्याने आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. पुढे आग्र्याच्या बागेत त्याने खरबुजं लावून घेतली.

पण नुसत्या गोडव्यावर पीक उभं राहत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या इम्पिरियल खोऱ्यात खरबुजाची मोठी शेती होती. १९२५ साली तिथे भुरी पडली. आपल्या वेलीच्या पानांवर पीठ शिंपडल्यासारखा पांढरा थर येतो, तोच हा रोग. पानं वाळली, फळं गोडीला चढेनात. तिथल्या शास्त्रज्ञांनी देशोदेशींचं बी आणून लावून पाहिलं. भुरीला टिकून राहिला तो भारतातून गेलेल्या बियांचा वेल. त्याचं फळ तिथल्या बाजारात कोणी विकत घेतलं नसतं. पण त्याचा तिथल्या गोड खरबुजाशी संकर केला, पुढच्या पिढ्यांतून निवड केली, आणि १९३६ साली भुरीला तोंड देणारा नवा वाण शेतकऱ्यांना मिळाला. दोन वर्षांत भुरीचा आणखी एक प्रकार आला, तेव्हा पुन्हा भारतातल्याच बियांचा आधार घ्यावा लागला.

ते बी आपल्या रायगडच्या चिबडाचं होतं, असं मी म्हणत नाही. पण कूळ तेच. आपल्याकडचं ज्या फळाला बाजारात भाव नाही, त्याच्या अंगात काय ताकद दडली आहे हे वरून दिसत नाही.

कलिंगडातही असंच झालं. अमेरिकेतला शुगर बेबी हा गडद हिरवा, लहान फळांचा वाण आपल्याकडे चांगला रुजला. मग बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने अमेरिकेतल्या क्रिम्सन स्वीट वाणाचा आपल्याकडच्या वाणाशी संकर करून अर्का माणिक तयार केला. फळ साधारण सहा किलोचं, गोड, आणि वेल भुरीला टिकणारा. या दोन्ही सरळ वाणांचं बी नीट राखलं तर पुढच्या वर्षी तसंच फळ येतं.

आज आपण बहुतेक जणी पाकिटातलं संकरित बी घेतो. फळं एकसारखी येतात, व्यापारी खूश असतो. त्याला नावं ठेवायची नाहीत. पण त्या फळाचं बी ठेवून लावलं तर पुढच्या पिढीत एक फळ आईवर जातं, एक बापावर, एक कुणावरच नाही. म्हणून दरवर्षी पाकीट विकत घ्यावं लागतं. पैशासाठी कलिंगड लावताना पाकीट घ्या, पण परसातलं चिबडाचं बी त्यापायी घालवू नका. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, पेरायचा आणि एकमेकांना द्यायचा हक्क दिला आहे.

बी राखायचं कसं? निरोगी, लवकर फळ धरणारा वेल निवडून खूण बांधा. जवळपास खरबूज किंवा वाळूक असेल तर मधमाश्या परागकण इकडचे तिकडे नेतात आणि वाण बिघडतो. काकडी शेजारी असली तरी चालते. शंका असेल तर उद्या उमलणारी कळी, जिच्याखाली इवलं फळ दिसतं ती, आणि त्याच वेलावरची एक नर कळी संध्याकाळी दोऱ्याने हलकी बांधा. सकाळी नर फूल खुडून त्याचा पराग फळाच्या फुलाला लावा आणि ते फूल पुन्हा बांधा. फळ वेलावरच पूर्ण पिकू द्या. बी धुवून सावलीत वाळवा, राख लावून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. डब्यावर गावाचं नाव आणि वर्ष लिहा.

आजींनी हेच केलं, फक्त लिहून ठेवलं नाही. त्या दोन आजींनी गटाला मूठ-मूठ बी द्यायचं कबूल केलं आहे. मिरगाला पाच घरी ते पेरू, म्हणजे एका परसात वेल गेला तरी दुसऱ्या परसात उरेल. तुमच्या गावात अशी आजी असेल, तर पावसाच्या आधी तिच्या ओटीवर जाऊन बसा.