हंगामी ठरवलेलं झाड

आपण ज्याला नुसतं 'साल्व्हिया' म्हणतो, ते लालभडक तुऱ्यांचं झाड गुहागरात अंगणातून, शाळेच्या वाफ्यातून दिसतं. पावसाळा सरला की रोपं लावायची, फुलं संपली की उपटून टाकायची, अशी रीत. झाड एका हंगामाचं, असं सगळेच सांगतात. पण हे ठरवलं कुणी?

झाड मूळचं ब्राझीलचं. फ्रीडरिख सेलो नावाचा जर्मन माणूस झाडं गोळा करीत तिथं वर्षानुवर्षं हिंडला आणि 1831 साली तिथल्याच रिओ दोसे नदीत बुडून वारला. या साल्व्हियाच्या शास्त्रीय नावाला त्याचं नाव जोडलेलं आहे. 1820 च्या दशकात झाडाची ग्रंथांत नोंद झाली आणि ते युरोपच्या बागांत पोचलं.

आपल्या माहेरी ते बुंध्याशी लाकूड धरणारं, अनेक वर्षं जगणारं झुडूप. युरोपात मात्र हिवाळ्यातल्या हिमानं मरायचं. म्हणून तिथल्या माळ्यांनी दरवर्षी नवं बी पेरायची पद्धत पाडली, वाफ्यांसाठी बुटक्या जातीही काढल्या. पुढे बी जगभर गेलं, आणि बियाबरोबर तो नियमही.

आता सांगा, गुहागरात हिम कधी पडलंय?

इथं त्याचा वैरी थंडी नव्हे, पाऊस. मुळाशी पाणी तुंबलं की कुजतं. म्हणून उंच जातीचं रोप उंचवट्यावर, पागोळ्यांपासून लांब लावावं. फुलं सरली की निम्म्यावर छाटावं, खालून नवे फुटवे येतात. बुटक्या जातींकडून मात्र एवढी अपेक्षा धरू नये.

तुळस याच कुळातली. दोघींचे कोवळे दांडे बोटांत फिरवून पाहा, चौकोनी लागतात. तुळशीच्या मंजिऱ्या आपण खुडतो, पावसाळ्यात तिची काळजी घेतो. हंगामी म्हणून तिला कुणी उपटत नाही. साल्व्हियाच्या फुलातला मध ब्राझीलमध्ये हमिंगबर्ड पितात. ते आपल्याकडे नाहीत, पण शिंजीर येतो.

काजूही ब्राझीलचाच. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आणला. आज त्याला कोकणात परका कोण म्हणेल? झाड लांबून आलं तर येऊ द्यावं, पण त्याच्याबरोबर आलेला नियम आपल्या मातीत एकदा तपासून घ्यावा.

असो. यंदा फुलं सरल्यावर एखादं तरी झाड उपटू नका, छाटून बघा. पावसाळा काढला त्यानं, तर जरूर कळवा.