प्राया दो नॉर्ते (नाझारे)

प्राया दो नॉर्ते ही पोर्तुगालच्या अटलांटिक किनाऱ्यावरील नाझारे या गावाला लागून असलेली पुळण आहे. पोर्तुगीज भाषेत या नावाचा अर्थ ‘उत्तरेकडील पुळण’ असा होतो. फळीवर उभे राहून फुटत्या लाटेच्या उतारावरून घसरत जाण्याच्या सर्फिंग या क्रीडाप्रकारातील सर्वाधिक उंच लाटांचे अलीकडचे विक्रम याच ठिकाणी नोंदले गेले आहेत. किनाऱ्यालगतच्या खोल सागरी घळईमुळे येथील लाटांची उंची वाढते. त्याच घळईमुळे गावासमोरची दक्षिणेकडील पुळण मात्र तुलनेने शांत राहते.

स्थान

नाझारे हे लिस्बनच्या उत्तरेस रस्त्याने सुमारे १२० किमी अंतरावर आहे. गावाच्या उत्तरेस एक उंच कडा समुद्रात शिरलेला असून त्याच्या टोकावर साओ मिगेल आर्कांजो हा किल्ला आहे. हा किल्ला १५७७ मध्ये बांधण्यात आला व त्यावरील दीपगृह १९०३ मध्ये सुरू झाले. कड्याच्या उत्तरेस प्राया दो नॉर्ते, तर दक्षिणेस गावाची मुख्य पुळण आहे. हिवाळ्यात मोठ्या लाटा पाहण्यासाठी प्रेक्षक या किल्ल्यावर व कड्यावर जमतात.

लाटांची निर्मिती

नाझारेसमोरील सागरी घळई युरोपातील सर्वांत मोठ्या सागरी घळयांपैकी एक आहे. तिची लांबी सुमारे २३० किमी असून पश्चिमेकडील टोकाशी ती सुमारे ५,००० मीटर खोल आहे. सामान्यतः अशा घळया किनाऱ्यापासून बऱ्याच दूर संपतात. नाझारेची घळई मात्र समुद्रबूड जमीन (भूखंडमंच) कापत थेट गावाजवळ येऊन पोहोचते.

लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतो. पाण्याची खोली तरंगलांबीच्या निम्म्याहून कमी झाली की लाटेवर तळाचा परिणाम होऊ लागतो. १६ सेकंद दोलनकाल असलेल्या लाटेची खोल समुद्रातील तरंगलांबी सुमारे ४०० मीटर व वेग ताशी सुमारे ९० किमी असतो. हीच लाट २० मीटर खोलीच्या पाण्यात आली की तिचा वेग ताशी सुमारे ५० किमीपर्यंत उतरतो.

यामुळे एकाच लाटेचे दोन भाग वेगवेगळ्या गतीने पुढे सरकतात. घळईवरील भाग वेग टिकवून ठेवतो, तर उत्तरेकडील उथळ समुद्रबूड जमिनीवरील भाग मंदावतो. घळईच्या काठावर लाटेचे अपवर्तन होऊन तिची दिशा उत्तरेकडे वळते. वळलेली ही लाट व उत्तरेकडील उथळ भागावरून आलेली लाट प्राया दो नॉर्तेसमोर एकमेकींना मिळतात. दोघींची शीर्षे एकाच जागी आल्यास त्यांची उंची एकत्र होते. किनाऱ्यालगत वाहत येऊन समुद्राकडे परतणारा प्रवाह या लाटेला समोरून भिडतो व तिचा उतार अधिक तीव्र करतो. पाण्याची टेकडी त्रिकोणी आकारात उभी राहते, ती याच कारणांमुळे.

ऋतू आणि हवामान

मोठ्या लाटांचा काळ साधारणतः ऑक्टोबर ते मार्च असा असतो. या महिन्यांत उत्तर अटलांटिक महासागरात वारंवार वादळे निर्माण होतात व त्यांच्या लाटा शेकडो किलोमीटरचा प्रवास करून पोर्तुगालला पोहोचतात. प्रवासात लांब दोलनकालाच्या लाटा आखूड लाटांना मागे टाकतात, म्हणून दूरच्या वादळातून आलेल्या लाटा अधिक सुबक व नियमित असतात.

केवळ लाटांची उंची पुरेशी नसते. लाटा पश्चिम ते वायव्य दिशेने येणे, त्यांचा दोलनकाल लांब असणे आणि वारा मंद किंवा पूर्वेकडून, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा असणे, या तिन्ही गोष्टी जुळून याव्या लागतात. असा वारा लाटेची भिंत उभी धरतो व तिचा पृष्ठभाग गुळगुळीत ठेवतो. वादळ किनाऱ्याजवळ असेल, तर समुद्राकडून येणाऱ्या जोरदार वाऱ्यामुळे पृष्ठभाग खडबडीत होतो आणि लाट कितीही उंच असली तरी तिच्यावर सर्फिंग करणे शक्य होत नाही. त्यामुळे संपूर्ण हिवाळ्यात उत्तम स्थितीचे दिवस थोडेच मिळतात.

दक्षिणेकडील पुळण आणि मासेमारी

घळईच्या काठांकडे वळणाऱ्या लाटांची ऊर्जा दोन्ही बाजूंना पांगते, त्यामुळे घळईच्या मुखासमोर ती कमी होते. कड्याचा आडोसाही गावाच्या पुळणीला मिळतो. नाझारे हे परंपरेने मच्छीमारांचे गाव आहे. १९८० च्या दशकात बंदर बांधले जाण्यापूर्वी होड्या याच पुळणीवरून समुद्रात लोटल्या जात व परतल्यावर बैलांच्या साहाय्याने ओढून घेतल्या जात. होडी किनाऱ्याला लावताना फुटणाऱ्या लाटा येथेही जीवघेण्या ठरत. उत्तरेकडील पुळण तर मच्छीमार कटाक्षाने टाळत.

सर्फिंगचा इतिहास

स्थानिक बॉडीबोर्डर डिनो कासिमिरो यांनी २००५ मध्ये येथील लाटांची छायाचित्रे अमेरिकन सर्फर गॅरेट मॅकनमारा यांना पाठवली. मॅकनमारा २०१० मध्ये नाझारेला आले. पोर्तुगीज नौदलाच्या जलालेखन संस्थेच्या मदतीने त्यांनी समुद्रतळाचा व लाटांचा अभ्यास केला. त्यानंतर येथे पुढील प्रमुख विक्रम नोंदले गेले :

• १ नोव्हेंबर २०११ – गॅरेट मॅकनमारा, ७८ फूट (२३.८ मीटर)
• ८ नोव्हेंबर २०१७ – रॉड्रिगो कोशा (ब्राझील), ८० फूट (२४.४ मीटर)
• ११ फेब्रुवारी २०२० – माया गाबेरा (ब्राझील), ७३.५ फूट (२२.४ मीटर), महिलांचा विक्रम
• २९ ऑक्टोबर २०२० – सेबास्टियन श्टॉइडनर (जर्मनी), ८६ फूट (२६.२ मीटर)

उंचीचे मापन

सर्फिंगमधील लाटेची उंची म्हणजे लाटेच्या दर्शनी भागाची, पायथ्यापासून शीर्षापर्यंतची उंची होय. खुल्या समुद्रातील तरंगत्या उपकरणांनी नोंदवलेल्या उंचीशी तिची थेट तुलना करता येत नाही. ही उंची छायाचित्रे व चित्रफितींवरून ठरवली जाते. त्यासाठी सर्फरची उंची किंवा फळीची लांबी मोजपट्टीसारखी वापरतात. लाटेचा पायथा नेमका कोठे धरावा हा यातील सर्वांत कठीण प्रश्न असतो. म्हणून विक्रमास मान्यता मिळण्यास बराच काळ लागू शकतो. श्टॉइडनर यांचा विक्रम २०२२ मध्ये मान्य झाला.

धोके आणि सुरक्षा

येथे लाटा फुटण्याची जागा सतत बदलते आणि लाटांच्या माऱ्याबाहेर जाण्यासाठी सुरक्षित खोल वाट नसते. पडलेल्या सर्फरवर एकामागून एक लाटा कोसळतात. फेसाळ पाण्यात हवेचे प्रमाण जास्त असल्याने शरीराला मिळणारी तरणक्षमता घटते. दीपगृहाखालील खडक हा आणखी एक धोका आहे.

मोठ्या लाटांचा वेग केवळ हाताने वल्हवून गाठता येत नाही, म्हणून जेट स्कीच्या साहाय्याने सर्फरला दोराने ओढून लाटेवर सोडले जाते. तोच चालक पुढे त्याला पाण्यातून उचलण्याचा प्रयत्न करतो. दुसरी जेट स्की मदतीसाठी तयार ठेवतात, सर्फर हवेने फुगणारे जाकीट घालतात व कड्यावरील निरीक्षक रेडिओवरून येणाऱ्या लाटांची सूचना देतात.

२८ ऑक्टोबर २०१३ रोजी माया गाबेरा येथे लाटेवरून पडून बेशुद्ध झाल्या. सहकारी कार्लोस बुर्ले यांनी त्यांना किनाऱ्यावर आणले व तेथे त्यांच्यावर प्रथमोपचार करण्यात आले. त्यांच्या पायाचे हाड मोडले होते. पुढे त्या नाझारेला परतल्या व त्यांनी येथेच दोनदा महिलांचा विक्रम केला. ५ जानेवारी २०२३ रोजी अनुभवी ब्राझिलियन सर्फर मार्सियो फ्रेरे यांचा येथे मृत्यू झाला. प्राया दो नॉर्ते येथील मोठ्या लाटांच्या सर्फिंगमधील हा पहिला मृत्यू मानला जातो.