बोट मेल : चेन्नईहून समुद्रापार जाणारी टपालगाडी

चेन्नईच्या एग्मोर स्थानकातून रामेश्वरमला जाणारी रात्रीची गाडी आजही ‘बोट मेल’ या नावाने ओळखली जाते. तिच्या वेळापत्रकातून बोट मात्र केव्हाच नाहीशी झाली आहे.

दक्षिण भारतातील पहिली रेल्वे १ जुलै १८५६ रोजी मद्रासच्या रोयापुरम स्थानकातून सुटली. १८७१ मध्ये रायचूर येथे मद्रास रेल्वे आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे यांचे रूळ जुळले. विलायतेचे टपाल मुंबई बंदरात उतरत असल्यामुळे मद्रासच्या दृष्टीने या जोडणीचे मोल मोठे होते. धावत्या गाडीत पत्रांची वर्गवारी करण्याची पद्धत त्यापूर्वीच, १८६३ मध्ये, अलाहाबाद-कानपूर मार्गावर सुरू झाली होती. पत्रे कचेरीत पडून राहण्याऐवजी प्रवासातच गावोगावच्या थैल्यांत भरली जात. १९०७ मध्ये या व्यवस्थेला ‘रेल्वे मेल सर्व्हिस’ हे नाव मिळाले. ‘आरएमएस’ ही अक्षरे आजही अनेक स्थानकांवर दिसतात.

सिलोनकडे जाणारी वाट प्रारंभी तुतिकोरीनहून होती. तेथून कोलंबोपर्यंतचा जलप्रवास लांबचा होता. २४ फेब्रुवारी १९१४ रोजी पांबनचा पूल खुला झाला आणि रूळ धनुष्कोडीपर्यंत पोहोचले. तेथून आगबोटीने सुमारे ३५ किलोमीटर समुद्र ओलांडला की तलाईमन्नारला कोलंबोची गाडी मिळे. धनुष्कोडीत स्थानक, धक्का, जकात कचेरी आणि टपाल कार्यालय असे छोटे बंदरगावच उभे राहिले.

२२ डिसेंबर १९६४ च्या रात्री आलेल्या चक्रीवादळाने ते गाव पुसून टाकले. त्या रात्री बोट मेलच बुडाली, असे अनेकदा सांगितले जाते. प्रत्यक्षात लाटांनी गिळली ती पांबन-धनुष्कोडी पॅसेंजर. तिच्यातील शंभरहून अधिक जणांचा मृत्यू झाला. पांबन पुलाचे बहुतेक गर्डर वाहून गेले. ते अवघ्या ४६ दिवसांत पुन्हा बसविणाऱ्या पथकाचे प्रमुख होते तरुण अभियंते ई. श्रीधरन, पुढे कोकण रेल्वेमुळे ते महाराष्ट्राला परिचित झाले. धनुष्कोडीचा लोहमार्ग मात्र पुन्हा उभा राहिला नाही. रामेश्वरमहून चालणारी बोटसेवाही श्रीलंकेतील यादवीच्या काळात, १९८० च्या दशकात, थांबली.

जुना पांबन पूल डिसेंबर २०२२ मध्ये रेल्वे वाहतुकीसाठी बंद झाला. ६ एप्रिल २०२५ रोजी नव्या पुलाचे उद्घाटन झाल्यानंतर रेल्वेगाड्या पुन्हा रामेश्वरमपर्यंत जाऊ लागल्या.