मास्तर, रजिस्टर आणि कविता

१९९५ साली परभणीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते कवी नारायण सुर्वे. तेव्हा आमच्या हातात पाटीही आली नव्हती. पुढे बी.एड. करून उर्दू शाळेत उस्ताद झालो आणि कळले, आपल्या जिल्ह्यात येऊन गेलेले ते अध्यक्ष आपल्याच पेशातले, पालिकेच्या शाळेतले मास्तर होते.

सुर्व्यांचा जन्म १९२६ चा. खरे आईबाप कोण, हे त्यांना कधी कळले नाही. मुंबईच्या रस्त्यावर सापडलेले हे तान्हे मूल गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचलले, वाढवले, त्याला आपले नाव दिले. चौथीनंतर शाळा सुटली. पडेल ते काम केले. पालिकेच्या शाळेत शिपाई झाले, नोकरी सांभाळून सातवी पास झाले आणि १९६१ साली त्याच पालिकेचे शिक्षक झाले. पुढच्याच वर्षी ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा पहिला संग्रह आला, १९६६ साली ‘माझे विद्यापीठ’. रस्ता, गिरणी, चाळ हेच ते विद्यापीठ. आपल्या वाचकांना त्यांच्या ‘शीगवाला’ कवितेतला दाऊदचाचा आठवत असेल. त्याची मोडकीतोडकी हिंदी-मराठी सुर्व्यांनी दुरुस्त केली नाही, जशीच्या तशी कवितेत बसवली.

पण आम्हा शिक्षकांना त्यांची एक कविता झोप लागू देत नाही. ‘मास्तर, तुमचंच नाव लिवा’. देहविक्री करणारी एक आई मुलाला शाळेत घालायला येते. मास्तर बापाचे नाव विचारतात. ती काय उत्तर देते ते शीर्षकातच आहे. हा प्रसंग दाखला घेणाऱ्या मास्तरालाच दिसू शकतो. आणि ज्याला स्वतःचे नाव कुणा भल्या माणसाकडून मिळाले, त्यालाच त्या रिकाम्या रकान्याचे वजन कळते.

आमच्यापुढेही तो रकाना आला. जून महिना होता. नवऱ्याने सोडलेली एक बाई मुलाचे बोट धरून आली. आम्ही म्हणालो, “वालिदचे आधार कार्ड आणि जन्माचा दाखला आणा.” ती म्हणाली, “सर, कुठून आणू?” आम्ही म्हणालो, “नियम आहे.” ती गेली, ती परत आली नाही. वास्तविक कागद नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातले कलम आम्ही बी.एड.च्या पेपरात लिहून मार्क मिळवले होते. त्या रात्री सुर्व्यांची कविता पुन्हा वाचली. मग वहीत चार ओळी लिहिल्या गेल्या. आमची पहिली नज्म ती. शायरीचा शौक म्हणून नव्हे, शरमेने लिहिलेली.

२०२४ साली महाराष्ट्र शासनाने निर्णय घेतला, की १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या कागदोपत्री नावात आईचे नाव बापाच्या नावाआधी येईल. सुर्वे हे पाहायला नव्हते, २०१० साली ते गेले. मास्तरांच्या कवितेतली ती आई मात्र अजून शाळांच्या दारात उभी आहे.

आता दाखला घेताना आम्ही आधी मुलाला बसवतो, पाणी देतो, कागद मागाहून विचारतो. त्या मुलाचा पत्ता अजून लागलेला नाही. नज्मही अपुरीच आहे.