अंगठ्याचा माग

अक्कलकोट तालुक्यातलं मैंदर्गी हे कर्नाटकाच्या हद्दीजवळचं गाव. कानडी आणि मराठी एकाच ओसरीवर नांदतात, आणि तूर झोडपून झाली की तुराट्यांचे ढीग लागतात. पोरांना धनुष्यबाण करायला तेवढं पुरतं. कळकाची कांब वाकवायची, सुतळी ताणून बांधायची, बाणाला एखादी सरळ तुराटी, नाहीतर खराट्याचा हीर. नेम चुकला तर शेजारची म्हैस उधळते, एवढाच काय तो धोका. पण या खेळात पोराचा हात बघण्यासारखा असतो. बाणाचं मागचं टोक तो अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरतो आणि दोरीसकट मागे ओढतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

एडवर्ड मोर्स नावाचा अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ जपानात शिंपल्यांसारख्या दिसणाऱ्या समुद्रजीवांचा अभ्यास करायला गेला होता. त्याच्या एका जपानी मित्राने त्याला धनुष्य ओढून दाखवलं, तेव्हा हा मित्र आपल्यासारखी बोटं लावत नाही, हे मोर्सच्या ध्यानात आलं. मग त्याने जगभरच्या लोकांनी दोरी कशी ओढली हे गोळा करायला घेतलं: जुनी चित्रं, शिल्पं, प्रवाशांच्या नोंदी, प्रत्यक्ष माणसं. 1885 साली त्याचा निबंध छापून आला. त्यात त्याने दोरी सोडण्याच्या मुख्य पाच तऱ्हा मांडल्या आणि चिमटीला पहिला क्रमांक दिला. पुढच्या दोन तऱ्हा म्हणजे तिच्याच मदतीला आणखी बोटं आलेली. चौथी निव्वळ बोटांची, पाचवी अंगठ्याची.

चिमटीची ताकद कांबटीपुरती. धनुष्य दमदार झालं की बाण बोटांतून निसटतो. तिथून दोन घराणी निघाली. युरोपाने अंगठा सोडून दिला: तर्जनी बाणाच्या वर, दोन बोटं खाली, अशी तीन बोटांची आकडी दोरीला घातली. मध्य आशियातल्या घोडेस्वारांनी उलट केलं. त्यांनी अंगठाच दोरीत अडकवला आणि त्यावर तर्जनीचं कुलूप लावलं. यात बाण धनुष्याच्या उजव्या अंगाला बसतो आणि तर्जनी त्याला आतून दाबून धरते, त्यामुळे भरधाव घोड्यावरही तो जागचा हलत नाही. तोटा एकच. ताणलेली दोरी अंगठ्याच्या मांसात रुतते. म्हणून अंगठी आली.

ही अंगठी मिरवायची नव्हे. शिंगाची, हस्तिदंताची, जेडची, पानासारखी एका बाजूला निमुळती होत गेलेली. दोरी तिच्या कडेवर बसते आणि अंगठा सरळ केला की सुटते. मांसापेक्षा दगड गुळगुळीत, शिवाय टेकायची जागा चिंचोळी, त्यामुळे सुटका स्वच्छ. शाहजहानची जेडची अशी अंगठी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तुर्की, इराणी, मुघल, सगळ्यांचं धनुष्य याच घराण्यातलं: मध्ये लाकूड, पोटाला म्हशीचं शिंग, पाठीला जनावराच्या कंडरांचे तंतू, आणि हे सगळं सरसाने चिकटवलेलं. सरस म्हटला की दमट हवेशी वैर आलंच, तेव्हा आपल्या पावसाळ्यात अशा धनुष्याची बडदास्त ठेवणं सोपं गेलं नसणार.

महाभारताकडे या वाटेने गेलं की एकलव्याची गोष्ट वेगळी दिसते. द्रोणांनी मागितला तो अंगठा, हे आपण बालवाडीपासून ऐकतो, आणि गुरूच्या अन्यायावर येऊन थांबतो. पण अंगठाच का? ज्या घराण्यात दोरी अंगठ्याने ओढतात तिथे अंगठा गेला म्हणजे विद्येचं मर्म गेलं. तीन बोटांच्या घराण्यात तो गेला असता तर एकलव्याचं एवढं नुकसान झालं नसतं. आदिपर्वात याच्या पुढचीही ओळ आहे, ती सहसा कुणी सांगत नाही. अंगठा दिल्यावर एकलव्य बोटांनी दोरी ओढू लागला, मात्र पूर्वीची चपळाई उरली नाही. ज्याने ही ओळ रचली त्याला दोन्ही तऱ्हा ठाऊक असाव्यात, असं मला वाटतं. भिल्ल तिरंदाज एकलव्याचा मान राखून अंगठा लावत नाहीत, असंही सांगतात.

बंदूक आली आणि अंगठ्याचं घराणं आपल्याकडे बसलं. दांडपट्टा, लाठी, भाला, विटा हे मर्दानी खेळ म्हणून तालमींतून टिकले. धनुष्याला तिथे फारशी जागा उरली नाही. ते सातपुड्यात आणि मेळघाटात राहिलं, शिकारीला आणि राखणीला. आज धनुर्विद्येच्या स्पर्धेचं उद्घाटन करणारे पाहुणे राम, अर्जुन आणि एकलव्य यांची नावं घेऊनच भाषणाला सुरुवात करतात. खेळाडूच्या हातातल्या वस्तूचा वंश मात्र त्या नावांशी जुळत नाही.

तो जुळतो इंग्लंडशी. लढाईतून बाद झालेलं लांब धनुष्य तिथे धनिकांनी बागेत आणलं. सर ॲश्टन लीव्हर यांनी 1781 साली लंडनमध्ये तिरंदाजांची सोसायटी काढली, 1844 मध्ये यॉर्कला राष्ट्रीय मेळावा भरला. अंतरं, गुण, फेऱ्या ही सगळी शिस्त तिथली. बायकांना ज्या थोड्या खेळांत लवकर शिरकाव मिळाला त्यांपैकी हा एक, आणि 1908 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकलं ते क्वीनी न्यूअल यांनी, वयाच्या 53 व्या वर्षी. पुढे 1931 साली, तेव्हा पोलंडमध्ये असलेल्या ल्वुफ शहरात, आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. 1920 नंतर ऑलिम्पिकमधून गेलेली तिरंदाजी 1972 मध्ये म्युनिकला परतली, ती तीन बोटांसकट. गंमत बघा, कोरियाच्या पारंपरिक तिरंदाजीत अंगठ्याची अंगठी आजही वापरतात. पण 1988 पासून 2024 पर्यंत एकही ऑलिम्पिक सांघिक सुवर्ण न सोडलेल्या त्यांच्या मुली दोरी ओढतात ती बोटांनीच.

त्या घराण्यातला आपला माणूस म्हणजे फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव. आईवडील शेतमजूर. जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकांनी त्याला धावायला लावलं, तिथून तो राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि तिथे धनुष्य हाती आलं. 2019 मध्ये जागतिक स्पर्धेत रौप्य जिंकणाऱ्या भारतीय पुरुष संघात तो होता, मग टोकियो ऑलिम्पिक, मग पॅरिस. त्याचं धनुष्य रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं. लक्ष्य 70 मीटरवर, बोटांवर चामड्याची टॅब. ओढून धरलेलं सगळं वजन शेवटच्या क्षणापर्यंत त्याच तीन बोटांवर. आणि बोटं कितीही शिकवली तरी दोरी त्यांच्यावरून सुटताना किंचित आडवी सरकते. बाण त्यामुळे हवेत नागमोडी लवत जातो.

हे आडवं सरकणं काढून टाकणारी वस्तू आली ती शिकारीतून. मिसूरी राज्यातला हॉलेस विल्बर ॲलन हा हरणांची शिकार करणारा माणूस. बाण अधिक वेगाने जावा म्हणून त्याने धनुष्याच्या टोकांना चाकं बसवली. त्यांचा आस मध्यातून सरकवलेला होता, म्हणून दोरी ओढताना सुरुवातीला जड जाते आणि चाक फिरलं की भार एकदम उतरतो. 1966 मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, 1969 च्या डिसेंबरात ते मिळालं. यालाच कंपाउंड म्हणतात. स्पर्धेत 60 पौंडांपर्यंतचं धनुष्य चालतं, पण पूर्ण ओढल्यावर हातावर त्याचा साधारण तिसरा-चौथा हिस्सा किंवा त्याहूनही कमी भार राहतो. नेम धरायला सवड मिळते. दोरीला मध्यावर छोटा फास बांधलेला असतो, त्यात मुठीतल्या धातूच्या यंत्राचा आकडा अडकवायचा. त्या यंत्राला आपली पोरं ‘रिलीज’ म्हणतात. आणि बऱ्याच रिलीजना कळ असते ती अंगठ्याने दाबायची. युरोपाने टाकून दिलेला अंगठा असा मागल्या दाराने आत आला, दगडाची अंगठी काढून आणि धातूची कळ घेऊन.

जागतिक संघटनेने कंपाउंडला 1995 मध्ये जकार्त्याच्या स्पर्धेत घेतलं. ऑलिम्पिकचं दार बंदच राहिलं, आणि कदाचित म्हणूनच या प्रकारात आपल्याला वाव मिळाला. साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्या दृष्टी अकादमीत मुलं सराव करतात ती जागा उसाच्या रानातली. तिथे घडलेली अदिती स्वामी ही एका गणिताच्या शिक्षकाची मुलगी. नागपूरचा ओजस देवतळे सरावासाठी तिथेच येऊन राहिला. 5 ऑगस्ट 2023 रोजी बर्लिनमध्ये एकाच दिवशी दोघे जगज्जेते झाले. 17 वर्षांच्या अदितीने मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेराला 149-147 असं हरवलं. ओजसचा सामना पोलंडच्या लुकाश प्शिबिल्स्कीशी होता. त्याने 15 पैकी 15 बाण दहाच्या वर्तुळात मारले, 150-149. हे वर्तुळ केवढं? 50 मीटरवर 8 सेंटिमीटर, चहाच्या बशीपेक्षा लहान. आदल्याच दिवशी ज्योती सुरेखा वेन्नम, परनीत कौर आणि अदिती यांनी सांघिक विजेतेपद मिळवलं होतं, तिरंदाजीच्या वरिष्ठ गटातलं भारताचं पहिलं जागतिक अजिंक्यपदाचं सुवर्ण. दोन महिन्यांनी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कंपाउंडची पाचही सुवर्णपदकं भारताने उचलली.

रिकर्व्हवाल्यांचं याबद्दल थोडं नाक मुरडणं चालूच असतं. चाकं, भिंग, पाणसळ, वर कळ दाबायची, यात तिरंदाजी ती काय उरली? मला हा आक्षेप पटत नाही. शाहजहानची अंगठी हेही यंत्रच होतं, हाताला न जमणारी सुटका दगडाकडून करून घेणारं. चामड्याची टॅबही तीच. हात आणि दोरी यांच्यामध्ये काहीच न ठेवता बाण मारणारा अस्सल तिरंदाज शोधायचा तर मैंदर्गीच्या पोरापाशीच जावं लागेल, आणि त्याचा बाण जातो पाच-पंचवीस पावलं. शिवाय भार उतरला म्हणून काम सोपं होत नाही. रिकर्व्हमध्ये नऊ गुणांचा बाण चालून जातो. कंपाउंडमध्ये एक नऊ लागला आणि पदक गेलं, असं होतं. लुकाशला विचारा.

एप्रिल 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने लॉस एंजेलिसच्या 2028 च्या ऑलिम्पिकसाठी कंपाउंडची मिश्र दुहेरी मंजूर केली. एक पुरुष, एक स्त्री. वैयक्तिक प्रकार अजून नाहीच. हांगझोऊला हेच सुवर्ण ज्योती आणि ओजस यांनी जिंकलं होतं. देशातून एकच जोडी जाणार म्हटल्यावर खरी झुंज घरच्या निवड चाचणीतच होणार: पुरुषांच्या बाजूला नागपूरचा ओजस, बुलढाण्याचा प्रथमेश जावकर, पुण्याचा प्रथमेश फुगे आणि बाहेरच्या राज्यांतले तेवढेच तयारीचे गडी, जागा मात्र एक.